कारखान्याची राखण आणि विजेचीं यंत्रें

ज्वारी हुरड्यावर आली म्हणजे सोलापूर जिल्ह्यांतील शेतकरी शेतांत माळा घालतो व गोफण देऊन त्यावर राखणदार बसवितो. हा राखणदार तीन कामें करितो. तो पांखरें पाहतो, हाळी देतो आणि धोंडा मारतो. यांपैकीं पहिलीं दोन कामें आतां विजेचीं यंत्रें करूं लागलीं आहेत. आणि त्यांची करामत पाहून कित्येक जाणत्या लोकांचीसुद्धां अशी समजूत झालेली दिसते कीं, तिसरें कामही तींच करितात. प्रस्तुत लेखाचा बहुतेक भाग ह्या एका गैरसमजुतीचें निरसन करण्यांतच खर्ची पडणार आहे.

कारखान्याच्या पहाऱ्याचा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. पीक खळ्यांतून घरीं आलें म्हणजे शेतकऱ्याची राखण संपली, असे दिवस आतां राहिले नाहींत. आपला ऊंस कारखान्याच्या कांट्यावर जातो, तूर वखारींत तारण पडते, बेदाणा शीतगृहांत महिनेच्या महिने राहतो. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकांत सासवडच्या माळी बागाइतदारांनीं माळशिरस तालुक्यांत माळीनगर येथें स्वतःचा साखर कारखाना उभा केला. पुढें सहकारी कारखाने निघाले, आणि ह्या जिल्ह्यांतील शेतकरी कारखान्यास नुसता ऊंस घालणारा न राहतां त्याचा भागीदारही झाला. साखरेचीं पोतीं गुदामांत बँकेकडे तारण असतात व त्या तारणावर उचललेल्या रकमेंतून ऊंसाचें बिल भागतें. १९६६ च्या ऊंस नियंत्रण आदेशाप्रमाणें तें बिल १४ दिवसांच्या आंत मिळावयास पाहिजे. गुदामांतील पोत्यांचा हिशेब चुकला तर तो वायदा कशाच्या बळावर पाळावयाचा? शिवाय संचालक मंडळांत बसणारे बरेच गृहस्थ आपल्यासारखेच जमीनधारक आहेत. त्यांच्यापुढें एके दिवशीं ‘इतके कॅमेरे, इतके रुपये’ असा कागद येतो. त्यावर सही करण्यापूर्वीं काय विचारावें, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

गेल्या वर्षीं आम्ही एका ठिकाणचें गुदाम पाहण्यास गेलों होतों. ठिकाणाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथें सोळा कॅमेरे बसविलेले होते व त्यांचीं चित्रें एका मोठ्या पडद्यावर सोळा चौकोनांत दिसत होतीं. पैकीं तीन चौकोन काळे होते. पडदा व्यवस्थापकांच्या खोलींत होता आणि ती खोली संध्याकाळीं सहा वाजतां कुलूप लावून बंद होते, असें तेथील शिपायानें आम्हांस मोठ्या अभिमानानें सांगितलें. पडदा चोरीस जाऊं नये म्हणून ही खबरदारी! रात्रभर तेरा डोळे उघडे राहतात आणि त्यांस काय दिसतें हें पाहण्यास एकही माणूस नसतो. सकाळीं चोरीचें चित्र हातीं लागेल, माल लागणार नाहीं. चित्र निरुपयोगी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पोलिसांस व विमा कंपनीस तें लागतें. पण तेवढ्यास राखण म्हणणें म्हणजे चोरीच्या रोजनिशीस पहारा म्हणणें आहे.

मग आंखणीस आरंभ कोठून करावा? आमच्या मतें धोंड्यापासून, म्हणजे अगदीं शेंवटापासून. रात्रीं दोन वाजतां हाळी झाली तर कोण येणार, कोठून येणार व किती मिनिटांत येणार, हें प्रथम ठरवावें. नंतर चोरास कुंपणापासून मालापर्यंत जाऊन परत फिरण्यास किती वेळ लागतो तो मोजावा. समजा, तारेचें कुंपण ओलांडण्यास अर्धें मिनिट, पटांगण चालून जाण्यास एक, लोखंडी शटर कापण्यास चार आणि माल उचलून कुंपणाबाहेर जाण्यास तीन मिनिटें लागतात. एकूण साडेआठ मिनिटें झालीं. फाटकावरचा पहारेकरी सोबत्यास उठवून घेऊन सहा मिनिटांत गुदामाशीं पोहोंचतो. आतां शटर उघडल्यावर वाजणारा खटका बसविला तर तो वाजेपर्यंत साडेपांच मिनिटें गेलेलीं असतात व हातीं तीनच उरतात. पहारेकरी धांवत येतो तों चोर बाहेरच्या रस्त्यास लागलेला असतो. त्याऐवजीं शटरावर पहिला घाव बसतांच त्याची थरथर ओळखणारें यंत्र लावलें तर हाळी दीड मिनिटाच्या सुमारास होते. पहारेकरी साडेसातव्या मिनिटास तेथें हजर होतो आणि चोर अद्याप आंत असतो. यंत्र एकच, पहारेकरी तोच. बदलली ती फक्त यंत्राची जागा.

हाच हिशेब उलटही करून पाहावा. पहारेकऱ्यास येण्यास दहा मिनिटें लागत असतील तर वरील गुदामास जगांतील कोणतेंही यंत्र वांचवूं शकणार नाहीं. तेथें शटराच्या आंत दुसरें मजबूत दार करावें किंवा पहारेकऱ्याची चौकी फाटकावरून हलवून गुदामाजवळ न्यावी. ह्या कामास गवंडी लागतो, विजेचा मिस्त्री लागत नाहीं. आणि म्हणूनच यंत्रें विकणाऱ्याच्या कागदांत त्याचा उल्लेख सहसा सांपडत नाहीं.

दुसरा प्रश्न, राखावयाचें काय? साखरेचें पोतें ५० किलोचें असतें. १० टन साखर म्हणजे २०० पोतीं. हमालांची टोळी लावली तरी तीं भरण्यास बराच वेळ जातो, आणि भरलेला ट्रक कुंपणावरून उडी मारून जात नाहीं. अर्थात् मोठ्या मालाची भीति रात्रीच्या अंधारापेक्षां दिवसाउजेडीं, फाटकांतून, कागद दाखवून बाहेर पडणाऱ्या गाडीची अधिक. रात्रीं जातें तें हलकें व मोलाचें : तांब्याची केबल, मोटारीचें वाइंडिंग, पितळी बुश, डिझेल. भीमेच्या कांठीं व उजनीच्या कालव्यावर ज्यांच्या मोटारींच्या केबली कापल्या गेल्या आहेत, त्या वाचकांस तांब्याचा हा मोह नव्यानें सांगावयास नको.

ह्यामुळें राखणीचे दोन निरनिराळे भाग पडतात. रात्रीच्या चोरासाठीं कुंपण, शटर व केबलींचे खंदक यांवर हाळी देणारीं यंत्रें हवींत. दिवसाच्या चोरीसाठीं मात्र खरी चौकी वजनकांट्यावर बसवावी लागते. गाडी रिकामी आली तेव्हांचें वजन, भरून निघाली तेव्हांचें वजन आणि गुदामाच्या हुकमांतील पोत्यांची संख्या हीं तिन्हीं एका संगणकांत आणून जुळल्याखेरीज फाटकाचा आडवा दांडा वर जाऊं नये, अशी जोडणी करितां येते. २०० पोत्यांची साखर १०,००० किलो भरावयास पाहिजे, अधिक बारदानाचें वजन. २१० पोतीं भरलीं असल्यास कांटा ५०० किलोंनीं बोलतो. त्याच वेळीं एका कॅमेऱ्यानें गाडीच्या नंबराचें व दोहोंनीं कांट्याच्या दोन्ही टोंकांचें चित्र घ्यावें, म्हणजे एखादें चाक कांट्याबाहेर राहिलें होतें किंवा कोणी वर उभें होतें, अशी शंका उरत नाहीं. वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल कीं, ऊंसाच्या वजनाविषयीं जी तक्रार दर हंगामांत ऐकूं येते तिचा निवाडा करण्यासही हेंच साधन उपयोगी आहे. कारखान्याच्या मालाची राखण करणारा कॅमेरा ऊंस घालणाऱ्याचीही राखण करूं शकतो; मात्र तें चित्र मागणाऱ्या सभासदास तें दाखविण्याचा नियम आधीं करून ठेवला पाहिजे.

आतां प्रत्यक्ष यंत्रांकडे वळूं. सर्वांत साधें म्हणजे दाराचा चुंबकी खटका. कांचेच्या बारीक नळींत लोखंडी जातीच्या धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. दारावरचा चुंबक जवळ असला कीं त्या एकमेकींस चिकटतात, दार उघडलें कीं सुटतात व मंडल तुटतें. कल्पना जुनी आहे. दार उघडतांच घंटा वाजविणाऱ्या विजेच्या यंत्राचें पेटंट अमेरिकेंत ऑगस्टस पोप नांवाच्या गृहस्थानें १८५३ सालींच घेतलें होतें. परंतु ह्या खटक्याकडे जाणारी तार कोणी कापली किंवा मधेंच जोडून टाकली तर? त्यासाठीं तारेच्या शेंवटीं ठराविक रोधाचा एक लहानसा तुकडा बसवितात व मधल्या पेटींतील यंत्र त्यांतून जाणारा प्रवाह अखंड मोजीत राहतें. पाटाच्या शेंवटच्या वाफ्याशीं किती पाणी पोहोंचतें हें पाहिलें म्हणजे वाटेंत पाट फुटला कीं काय तें कळतें, तसाच हा प्रकार. तार कापली तर प्रवाह थांबतो, चोरानें दोन तारा एकमेकींस जोडल्या तर तो एकदम वाढतो. दोन्ही वेळां हाळी होते. कित्येक मिस्त्री श्रम वांचविण्यासाठीं हा तुकडा खटक्याजवळ न बसवितां पेटींतच बसवून मोकळे होतात. पाटाच्या मुखाशीं उभें राहून शेंवटचा वाफा भिजला असें सांगण्यासारखेंच तें आहे. काम ताब्यांत घेतांना एका तरी दाराजवळची डबी उघडून तो तुकडा डोळ्यांनीं पाहावा.

दुसरें यंत्र अंगाच्या उष्णतेवरून चालतें माणूस ओळखणारें. भिंत व माणूस यांच्या उष्णतेंत फरक असतो. माणूस हलला कीं तो फरक यंत्रापुढून सरकतो. थंड मुलखांत हें यंत्र उत्तम चालतें. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो व पत्र्याखालील गुदाम सूर्यास्तानंतरही बराच वेळ तापलेलें राहतें. माणसाच्या कातडीची उष्णता ३३ ते ३५ अंशांच्या आसपास. भोंवतालची भिंत तितकीच तापली असली म्हणजे यंत्रास माणूस भिंतीपासून निराळा दिसत नाहीं. ज्या ऋतूंत लोक उकाड्यामुळें गच्चीवर झोंपतात व आवार मोकळें असतें, नेमक्या त्याच ऋतूंत हें यंत्र अर्धवट आंधळें होतें. सबब सोलापूरसारख्या ठिकाणीं उष्णतेबरोबरच सूक्ष्मलहरींनीं हालचाल ओळखणारें, असें दुहेरी यंत्र मागावें, आणि त्याची परीक्षा मे महिन्यांत करावी. दिवाळीच्या थंडींत केलेली परीक्षा जमेस धरूं नये.

कुंपणाच्या बाजूनें अदृश्य किरणांची रेघ टाकणारीं यंत्रेंही मिळतात. कुत्रें, घार, वाऱ्यानें उडणारें पाचट हीं सर्व त्यांस चोर वाटतात. दोन-तीन समांतर रेघा एकदम तुटल्या तरच हाळी होईल अशी योजना केली म्हणजे हा त्रास पुष्कळ कमी होतो. खोटी हाळी हा ह्या सर्व विद्येंतील मोठा रोग आहे. पहारेकरी चार रात्रीं कुत्र्यासाठीं धांवला कीं पांचव्या रात्रीं तो यंत्राचा आवाज बंद करून ठेवतो. त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं.

कॅमेऱ्यांच्या बाबतींत संख्येपेक्षां अंतराचा हिशेब मागावा. चित्र हें बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखावयाचा तर एक मीटर रुंदीच्या जागेवर सुमारें २५० ठिपके पडले पाहिजेत, ओळखीच्या माणसास ओळखण्यास १२५ पुरतात आणि कोणीतरी आहे एवढेंच कळण्यास २५ पुरे होतात, असा या धंद्यांतील प्रमाणग्रंथांचा दंडक आहे. आडवे १९२० ठिपके देणारा कॅमेरा घेतला तर तो चेहरा ओळखण्यास पावणेआठ मीटरांपेक्षां कमी रुंदीच्या जागेवरच रोखावा लागतो. तोच कॅमेरा सबंध पटांगणावर रोखला तर त्यांत माणसें मुंग्यांसारखीं दिसतात. म्हणून पटांगणास एक दूरदर्शी व फाटक, कांटा, गुदामाचें दार यांस जवळचे, असे वांटून घ्यावे. कॅमेऱ्याचें तोंड उगवतीस किंवा मावळतीस नसावें. भुशाची धूळ व कोळ्याचीं जाळीं पुसण्याचें काम कोणाकडे आहे तें लिहून ठेवावें; ज्या तीन काळ्या चौकोनांचा उल्लेख वर केला, त्यांपैकीं एकाच्या डोळ्यावर नुसतें जाळें होतें.

चित्रें किती दिवस जपावयाचीं हाही पैशाचाच प्रश्न आहे. सेकंदास ४ मेगाबिट ह्या मानानें एक कॅमेरा दिवसाला सुमारें ४३ गिगाबाइट जागा खातो. सोळा कॅमेऱ्यांस ३० दिवसांस जवळजवळ २१ टेराबाइट लागतात. सर्वांचें सारखेंच जपण्याची गरज नाहीं. पटांगणाचें १५ दिवस ठेवलें तरी चालेल. पण वजनाचा तंटा बिल हातीं पडल्यावर निघतो, म्हणून कांट्याचें ९० दिवस ठेवावें. एका कॅमेऱ्यास त्यासाठीं ४ टेराबाइटांच्या आंतच जागा लागते.

चोर माल नेतो. आग माणसेंही नेते. १८ मे २०२५ रोजीं पहाटे सोलापुरांतील अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतींत टॉवेलच्या एका कारखान्यास आग लागून ८ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या आवारांत राहणारीं लहानमोठीं माणसें त्यांत होतीं. त्या आगीच्या कारणांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. पण जेथें रात्रीं माणसें झोंपतात तेथें चोराच्या हाळीपूर्वीं धुराच्या हाळीचा खर्च मंजूर झाला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि येथें एक विरोध उत्पन्न होतो. चोरासाठीं बंद केलेलें दार आगीच्या वेळीं आंतल्या माणसालाही बंद असतें. १९४८ च्या कारखाना कायद्यानें आगीच्या प्रसंगीं सुटकेचे मार्ग ठेवणें बंधनकारक केलें होतें. विजेचीं कुलुपें बसवावयाचीं असल्यास आगीची हाळी होतांच किंवा वीज जातांच तीं आपोआप सुटलीं पाहिजेत आणि आंतून नुसत्या धक्क्यानें दार उघडलें पाहिजे. दार उघडें राहून चार पोतीं गेलीं तर गेलीं.

धूर ओळखणारें साधें यंत्र सर्व ठिकाणीं चालत नाहीं. टॉवेल व चादरींच्या मागांवर कापसाचे तंतू उडतात, ते यंत्रांत शिरून खोटी हाळी होते. तेथें तें वरचेवर साफ करावें लागतें किंवा उष्णतेची वाढ ओळखणारें यंत्र घ्यावें लागतें. बगॅसच्या उघड्या ढिगावर धुराचें यंत्र निरुपयोगी. तेथें उष्णता पाहणारा कॅमेरा व पाण्याची नळी जवळ असणें हेंच खरें. आसवनीच्या भागांत अल्कोहोलची ज्योत दिवसां जवळजवळ दिसत नाहीं आणि हवेंत शेंकडा ३·३ च्या वर त्याची वाफ झाली कीं ती पेट घेऊं शकते. म्हणून तेथें वाफ मोजणारें व ज्योत ओळखणारें यंत्र ज्वालारोधी जातीचेंच हवें, साधा कॅमेराही चालणार नाहीं. बेदाण्याच्या शीतगृहांत अमोनिया वापरीत असल्यास त्याचें यंत्र यंत्रघरांत बसवावें. हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया ही कामकऱ्यांसाठीं सुरक्षित मर्यादा समजतात आणि ३०० भागांस जीवास तात्काळ धोका. पहिली हाळी २५ वरच झाली पाहिजे.

हाळीचा आवाज कशाचा आहे हें ऐकणारास कळलें पाहिजे. सोलापुरांतील कापडगिरण्या चालत होत्या तेव्हां भोंगा झाला कीं पाळीची वेळ झाली, हें गांवांतील पोरासही कळे. चोर, आग व वायु यांचे तीन भिन्न आवाज ठरवावे आणि ऊंसतोडणीच्या टोळ्यांतील बायामाणसांससुद्धां ते एकदां ऐकवावे.

वीज गेली कीं यंत्र झोंपतें, म्हणून बॅटरीचा हिशेब मागून घ्यावा. सर्व यंत्रें मिळून दीड अँपिअर घेत असतील तर २४ तासांस ३६ अँपिअर-तास लागतात. अर्धा तास भोंगा वाजण्यास आणखी दोन धरा, आणि त्यावर पावपट वाढ. म्हणजे ४८ च्या आंतली बॅटरी घेऊं नये. उन्हाळ्याच्या उष्णतेंत शिशाच्या बॅटरीचें आयुष्य २५ अंशांवर दर १० अंशांस सुमारें निम्म्यानें घटतें. ती पत्र्याच्या टपरींत ठेवूं नये. वळिवाच्या विजांचाही विचार करावा. तांब्याच्या जाळ्याची तार १०० मीटरांपलीकडे चालत नाहीं व विजेचा लोळ तिच्यांतून यंत्रांत शिरतो. लांबच्या अंतरास कांचतंतूची केबल घालावी. तिच्यांतून वीज वाहत नाहीं, आणि तांबें नसल्यानें चोरासही तिचा मोह नाहीं.

यंत्रें इंटरनेटास जोडलीं म्हणजे घरबसल्या मोबाइलवर चित्र दिसतें, पण दार दोन्हींकडून उघडतें. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या घातकी प्रणालीनें जगभरचे हजारों कॅमेरे कारखान्यांतून आलेले मूळ परवलीचे शब्द वापरून ताब्यांत घेतले होते. बसविणाऱ्यानें ठेवलेला शब्द त्याच दिवशीं बदलावा, तो पाकिटांत सील करून तिजोरींत ठेवावा. कामकरी स्त्रियांच्या विसाव्याच्या जागेकडे एकही कॅमेरा रोखलेला नसावा, हें सांगावयास नको असें आम्हांस वाटत होतें. पण सांगावें लागत आहे.

दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटतात व नंतर आवार गाड्यांनीं भरून जातें. तेव्हां केबलीचे खंदक आधींच खणून झालेले असावे. श्रावणांत मागणी, भाद्रपदांत बसवणूक, आणि हंगामापूर्वीं एका रात्रीं दोन वाजतां, पहारेकऱ्यास पूर्वसूचना न देतां, परीक्षा. संचालकांपैकीं दोघांनीं घड्याळ घेऊन हजर राहावें. एका दाराची तार तोडावी, शटरावर हातोडा मारावा, मुख्य वीज बंद करून अर्ध्या तासानें पुन्हां तेंच करावें. पहिल्या हाळीपासून माणूस दाराशीं पोहोंचेपर्यंत किती मिनिटें गेलीं तीं दर वेळीं वहींत लिहावीं, आणि तीं करारांत ठरल्यापेक्षां अधिक भरलीं नाहींत तरच मक्तेदाराचा शेंवटचा हप्ता द्यावा.